समोर एकच आहे, हे इथरनेटला कोण सांगणार?

‘दोन राऊटर एका केबलने थेट जोडले, मध्ये स्विचसुद्धा नाही. मग ही पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे फक्त दोघांमधली, लिंकच झाली ना?’ नेटवर्किंग शिकणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. केबलकडे पाहिलं तर ‘हो’ म्हणावंसं वाटतं, कारण तिला टोकं दोनच आहेत. पण राऊटर केबलकडे बघत नाही. त्या पोर्टवर कोणता प्रोटोकॉल चालतो तेवढंच त्याला कळतं. तिथे इथरनेट (लॅनवरचा नेहमीचा प्रोटोकॉल) असेल, तर पलीकडे एकच जण आहे हे त्याच्या गावीही नसतं.

याचं मूळ इथरनेटच्या जन्मात आहे. १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, ती एकाच कोअ‍ॅक्सियल केबलवर अनेक कॉम्प्युटर जोडण्यासाठी. एकजण बोलला की ते सगळ्यांच्या कानावर जायचं. म्हणून डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे फ्रेमवर, ‘कोणासाठी’ आणि ‘कोणाकडून’ हे लिहिणं भाग होतं. १९८० च्या प्रमाणकात हा पत्ता ४८ बिटांचा ठरला, तोच आपला मॅक अ‍ॅड्रेस. पुढे कोअ‍ॅक्सियल गेली, स्विच आले, फ्रेमच्या टकरी थांबल्या, वेग १० मेगाबिटवरून शेकडो गिगाबिटवर गेला. फ्रेमच्या सुरुवातीचे ते दोन पत्ते मात्र जागचे हललेले नाहीत.

आता खरी पॉइंट-टू-पॉइंट लिंक बघा. लीज्ड लाइनवर (भाड्याने घेतलेल्या खास लाइनवर) दोन राऊटरांची सिरियल पोर्टं जोडलेली आहेत आणि त्यावर पीपीपी (पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल) चालतं. पीपीपीच्या फ्रेममध्येही पत्त्यासाठी एक बाइट असतो, पण त्यात कायम २५५ हाच आकडा, म्हणजे आठही बिटं १. त्याचा अर्थ ‘जो कोणी ऐकतोय त्याच्यासाठी’. ऐकणारा एकच असल्यामुळे त्यात गोंधळ होत नाही. इतकंच काय, लिंक सुरू होताना दोन्ही बाजूंनी आपसात ठरवलं तर तो बाइट पाठवायचाच नाही, अशीही सोय आहे. पत्त्याला काही कामच उरलेलं नाही!

हा फरक नुसता कागदावरचा नाही. राऊटरकडे पॅकेट आलं की तो राऊटिंग टेबल, म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणती वाट याची यादी, बघतो. सिरियल लिंकवर ‘कोणत्या पोर्टवरून’ एवढं कळलं की काम झालं. पॅकेट त्या पोर्टवर ढकललं की ते पोचायचं तिथेच पोचतं. इथरनेटवर पोर्ट कळून भागत नाही. पुढचा राऊटर कोण, म्हणजे नेक्स्ट हॉपचा आयपी कोणता, आणि त्या आयपीचा मॅक कोणता, हेही लागतं. मॅक शोधायचं काम एआरपी करतं. १९८२ साली आलेला हा प्रोटोकॉल अगदी साधा आहे. राऊटर त्या पोर्टवर सगळ्यांना उद्देशून विचारतो, ‘१०.१.१.२ कोणाचा? त्याने आपला मॅक सांगावा.’ उत्तर आलं की ते टेबलात नोंदवून ठेवतो आणि मग पॅकेट पाठवतो. केबलच्या दुसऱ्या टोकाला एकच राऊटर असला तरी हे विचारणं चुकत नाही.

याची गंमत मी एकदा जवळून पाहिली आहे. एका ठिकाणचा राऊटर दर काही तासांनी मंदावायचा आणि मग अडकायचा. रीस्टार्ट केला की पुन्हा सुरळीत. तिथल्या लोकांनी रोज सकाळी रीस्टार्ट करायचा नेमच धरला होता. एआरपी टेबल उघडलं तर ओळी संपता संपेनात. डावीकडे जगभरातले वेगवेगळे आयपी आणि उजवीकडे, प्रत्येक ओळीत, एकच मॅक!

कारण डिफॉल्ट राऊटमध्ये, म्हणजे वेगळी वाट न दिलेल्या सगळ्या पत्त्यांसाठीच्या वाटेत, होतं. कोणीतरी लिहिलं होतं, ‘बाहेरचं सगळं या इथरनेट पोर्टवरून’, आणि नेक्स्ट हॉप द्यायचा राहिला होता. सिरियल पोर्टवर असा राऊट बिनघोर चालतो. इथरनेटवर मात्र राऊटरची समजूत होते की अख्खं जग याच केबलवर बसलंय. मग तो प्रत्येक नव्या पत्त्यासाठी एआरपी पाठवतो. पलीकडच्या राऊटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्यांच्या वतीने एआरपीला उत्तर द्यायची सोय) चालू होतं, म्हणून तो दरवेळी ‘द्या माझ्याकडे’ म्हणून स्वतःचा मॅक सांगत होता. इंटरनेट चालत होतं, त्यामुळे चूक झाकली गेली. अनेक राऊटरांवर अशी नोंद ४ तास टिकते. तोवर मेमरी भरत जाते. राऊटच्या शेवटी पलीकडचा आयपी लिहिला आणि टेबल एका ओळीवर आलं.

रीस्टार्टने बरं का वाटायचं, तेही यातून उलगडतं: टेबल रिकामं व्हायचं. ‘बंद करून चालू करा’ हा मंत्र असा खरा ठरतो आणि लोकांची त्यावरची श्रद्धा वाढत जाते. कारण न शोधता केलेला रीस्टार्ट हा गंडादोराच आहे, असं माझं ठाम मत आहे.

राऊटर एकमेकांना वाटा कळवतात त्या ओएसपीएफ या प्रोटोकॉलमध्येही हाच स्वभाव दिसतो. इथरनेटवर पाच राऊटर असतील तर त्यांच्या दहा जोड्या होतात, म्हणून तिथे एक प्रमुख राऊटर निवडायची पद्धत आहे. राऊटर दोनच असले तरी ही निवडणूक होते, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यासाठी ४० सेकंद थांबावं लागतं. पोर्टचा प्रकार पॉइंट-टू-पॉइंट असा आपण सांगितला की निवडणूक टळते. पण ही समजूत फक्त ओएसपीएफची बदलते. खाली फ्रेमवर मॅक आणि एआरपी आहेतच.

आयपीचे पत्तेही पॉइंट-टू-पॉइंटवर वाचतात. दोन राऊटरांसाठी /३० (चार पत्त्यांचा गट) घेतलं की चारही पत्ते खर्ची पडतात, त्यातला एक नेटवर्कचा आणि एक ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना उद्देशून बोलायचा. जिथे दोघंच आहेत तिथे ब्रॉडकास्ट कोणासाठी? २००० साली अशा लिंकसाठी /३१ ला, म्हणजे दोनच पत्त्यांच्या गटाला, मान्यता मिळाली.

पण पॉइंट-टू-पॉइंटच्या या बिनधास्तपणात एक खोट आहे. समजा, अशा लिंकला आयपीव्ही६ चं (आयपीच्या नव्या आवृत्तीचं) /६४, म्हणजे पत्त्यांचा प्रचंड मोठा गट, दिलं आणि कोणी त्यातल्या न वापरलेल्या पत्त्यावर पॅकेट पाठवलं. इथरनेटवर ‘हा कोणाचा?’ असं आधी विचारलं जातं, उत्तर येत नाही आणि पॅकेट तिथेच संपतं. इथे विचारणाराच नाही. पहिला राऊटर म्हणतो, माझा नाही, म्हणजे समोरच्याचा. समोरचाही तेच म्हणून परत पाठवतो. हॉप लिमिट (पॅकेट अजून किती राऊटर ओलांडू शकतं तो आकडा) शून्यावर येईपर्यंत ते पॅकेट त्याच दोन टोकांमध्ये येरझारा घालत राहतं. २०११ साली राऊटरांमधल्या अशा लिंकवर /१२७ वापरण्याची शिफारस झाली, त्यामागे हे एक कारण होतं: दोनच पत्ते, दोन्हींना धनी, मग चेंडू टोलवायला पत्ताच उरत नाही.