ताणलेल्या तारेपासून वजनकाट्यापर्यंत: स्ट्रेन गेजची पार्श्वभूमी

विद्युत मापनयंत्राला व्होल्टता, प्रवाह, रोध अशा मोजक्याच राशी कळतात. वजन, दाब किंवा पुलाच्या तुळईवर आलेला ताण मोजायचा असेल, तर आधी त्याचे यांपैकी एखाद्या राशीत रूपांतर व्हावे लागते, आणि ते काम ट्रान्सड्यूसर करतो. स्ट्रेन गेज, म्हणजे पृष्ठभागाला चिकटवलेली आणि त्याच्यासोबत ताणली गेल्यावर रोध बदलणारी बारीक तार किंवा पत्रा, हा त्यांतला दिसायला सर्वांत साधा प्रकार. तरीही मूळ निरीक्षणापासून वापरण्याजोगे उपकरण तयार होईपर्यंत ऐंशीहून अधिक वर्षे गेली.

१८५६ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारा ताणून पाहिल्या. दोन्हींचा रोध वाढला, पण लोखंडाचा अधिक. तार लांबते आणि बारीक होते एवढ्यानेच या फरकाचा उलगडा होत नव्हता. इतका सूक्ष्म बदल त्यांनी सेतुमंडलाने टिपला, म्हणजे चार रोधांच्या अशा जोडणीने, जिचा तोल एका रोधात किंचित बदल होताच ढळतो. त्या मंडलाचे वर्णन सॅम्युअल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये केले होते. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ते प्रचारात आणताना श्रेय क्रिस्टींना दिले, तरी नाव मात्र व्हीटस्टन यांचेच रूढ झाले.

मग अडले कुठे? १२० ओहमचा गेज लांबीच्या हजाराव्या भागाने ताणला, तर रोध जेमतेम ०.२४ ओहमने वाढतो. तांब्याची तार वापरली, तर तापमान केवळ एका अंशाने वाढल्यावर रोधात होणारा सुमारे ०.३९ टक्क्यांचा बदल या ताणाच्या परिणामापेक्षाही मोठा ठरतो. म्हणून तांबे आणि निकेल यांचा कॉन्स्टंटन हा मिश्रधातू महत्त्वाचा ठरला, कारण तापमानाने त्याचा रोध फारच कमी बदलतो. याहून अवघड प्रश्न तार पृष्ठभागाशी एकजीव करण्याचा होता. माझ्या मते या इतिहासातला खरा निर्णायक टप्पा हाच आहे: १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे बारीक तार थेट चिकटवून मापन करून दाखवले. रूज यांच्यापुढे भूकंपाचा पाण्याच्या टाक्यांवर होणारा परिणाम प्रतिकृतींवर अभ्यासण्याचे काम होते, आणि त्या पातळ प्रतिकृतींना जड मापक लावणे शक्यच नव्हते. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे ‘एसआर-४’ या गेजच्या नावात राहिली.

१९५० च्या दशकात तारेची जागा मुद्रित मंडलांच्या तंत्राने कोरलेल्या धातूच्या पातळ पत्र्याने घेतली. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या लोडसेलमध्ये, म्हणजे भार पेलणाऱ्या धातूच्या भागावर, असे चार गेज सेतूच्या चार भुजांवर बसवलेले असतात. वजन ठेवताच दोन ताणले जातात आणि दोन दाबले जातात. तापमान बदलले, तर चौघांचाही रोध सारखाच बदलतो आणि सेतूचा तोल टिकतो. सेतूला १० व्होल्ट दिल्यास पूर्ण भाराला साधारण २० मिलिव्होल्ट मिळतात. तो संकेत वर्धकाने वाढवून अंकांत बदलला जातो.