मुरुड-जंजिरा की मुरुड-हर्णै?

गेल्या दिवाळीत संध्याकाळी साडेपाचला आत्याचा फोन आला. "अरे, आम्ही मुरुडला पोचलो. खोलीवाले म्हणतात, कर्द्याच्या रस्त्याला लागा. इथे चार जणांना विचारलं, कर्दे कुणाला ठाऊकच नाही." मी म्हटलं, "आत्या, समोर समुद्रात काय दिसतंय?" "किल्ला आहे एक, लांबवर." तो पद्मदुर्ग. म्हणजे आत्या उभी होती रायगड जिल्ह्यातल्या मुरुडला आणि खोली घेतली होती रत्नागिरी जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या मुरुडला. फोनवर खोली ठरवताना दोन्हीकडून नुसतं "मुरुड" म्हटलं गेलं होतं. दापोलीचं नाव कुणी काढलंच नाही. बरोबर दोन लहान मुलं, पुढे खाड्या आणि वर अंधार पडायला आलेला. ती रात्र त्यांनी तिथेच काढली.

असा गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही गावं कोकणात, दोन्हींना लांबलचक वाळूचा किनारा, दोन्हीजवळ समुद्रात उभा जलदुर्ग. गारंबी हे नावसुद्धा दोन्हीकडे आहे. (लातूरजवळही एक मुरुड आहे, पण तिथे समुद्र शोधत कुणी जात नाही.)

रायगडातलं मुरुड हे तालुक्याचं ठिकाण. बाजारपेठ, कोळीवाडा, टेकडीवर नवाबाचा राजवाडा असं नांदतं शहर. सिद्दींचं हे संस्थान 1948 साली विलीन झालं. मुंबईहून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येतं, रेल्वेने आलात तर रोहा जवळ. जंजिऱ्याच्या होड्या मात्र मुरुडच्या किनाऱ्यावरून नव्हे, दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवरच्या राजपुरीहून सुटतात. शिडाची होडी तटाला अगदी खेटेपर्यंत दरवाजा दिसत नाही, आणि मग अचानक समोर येतो. आत कलालबांगडी तोफ आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची तळी. शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी प्रयत्नांची शर्थ केली, तरी हा किल्ला मराठ्यांना मिळाला नाही. सिद्दीला शह द्यायला महाराजांनी पद्मदुर्ग बांधला, तोच आत्याला दिसला होता. एक दिवस हाताशी असेल तर फणसाडच्या अभयारण्यात जा. नशिबात असेल तर शेकरू दिसतो.

दापोलीचं मुरुड हे शहर नव्हे, गाव आहे. एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि घरामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. महर्षी कर्वे याच गावात वाढले. इथूनच ते परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, आणि लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही तेव्हा तसेच परत आले. मुरुडच्या रस्त्यावरून सकाळी चालताना मला दर वेळी ते आठवतं आणि पोटात तुटतं.

मासेमारीचं गाव म्हणाल तर ते मुरुड नव्हे, शेजारचं हर्णै. इथे दुपार कलली की बंदरावर जाऊन उभं राहावं. बोटी दूर नांगरलेल्या असतात आणि मासळी किनाऱ्याला आणायला बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात. चाकं अर्धी बुडालेली, लाट आली की बैल मान वर धरतात, गाडीवान जुवाजवळ उभा राहून त्यांना वळवतो. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीच्या राशी पडल्या की भोवती कोंडाळं होतं आणि लिलाव सुरू होतो. भाव इतका झरझर चढतो की नवख्याला कळेपर्यंत रास उचलली गेलेली असते. किरकोळ घ्यायची तर बाजूला कोळणी बसतात, त्यांच्याकडून घ्या. पण घेण्याआधी ज्यांच्याकडे उतरला आहात त्यांना विचारा. मुरुड-आंजर्ल्यातल्या बऱ्याच घरगुती खाणावळी पूर्ण शाकाहारी आहेत, आणि यजमानीणबाईंच्या ओट्यावर पापलेट ठेवून त्यांना अवघडून टाकू नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हे काहीच दिसणार नाही.

हर्णैसमोरचा किल्ला सुवर्णदुर्ग. जंजिऱ्याच्या उलट हा मराठ्यांच्या आरमाराचा, कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाचा. 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून आंग्र्यांवर चालून गेले तेव्हा तो पडला. आपल्याच आरमाराचा कणा आपणच मोडला, याचं दुःख तटासमोर उभं राहिलं की आजही होतं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या 12 किल्ल्यांत तो आहे, जंजिरा नाही.

आणि आसूद चुकवू नका. पोफळींच्या गच्च सावलीतून उतरायचं, ओढा ओलांडायचा, पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात पोचायचं. तिथे गोमुखातून पाणी पडत असतं. उन्हाळ्यातही त्याखाली हात धरला की थंडी कोपरापर्यंत चढते. शिवाय आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, पन्हाळेकाजीची लेणी. दापोली तालुक्याला चार दिवसही पुरत नाहीत.

मुंबईहून शनिवार-रविवारच मोकळे असतील आणि मुलांना किल्ला दाखवायचा असेल तर रायगडातलं मुरुड. निवांत राहायचं असेल, मासळीबंदर आणि वाड्या बघायच्या असतील तर दापोलीचं. मी स्वतः दुसऱ्याला जातो. तिथे रेल्वेने जाताना खेडला उतरायचं. खोली घेताना "मुरुड, तालुका कोणता?" एवढं विचाराच.

आत्याने मात्र दुसऱ्या दिवशी परत न फिरता मार्ग काढला. आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दिघीला उतरली, श्रीवर्धन करत बागमांडल्याला आली, दुसऱ्या फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला, आणि केळशी, आंजर्लेमार्गे हर्णै. पोचली तेव्हा लिलाव रंगात आला होता. मुलं गाडीतून उतरली ती थेट बैलांकडे धावली.