कोअरबूट आणि त्याच्या नव्या आवृत्त्या

कोअरबूट हे संगणक चालू करताच सर्वांत आधी धावणारे मुक्तस्रोत फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरमध्येच साठवलेले सॉफ्टवेअर. मदरबोर्डवर आठ पायांची एक लहानशी फ्लॅश चिप असते, तिच्यात ते बसते. बटण दाबल्यापासून मेमरी जागी करणे, चिपसेट आणि स्लॉटमधली उपकरणे ओळखून लावणे आणि मग पुढच्या प्रोग्रामकडे ताबा देणे, एवढेच त्याचे काम. बाजारातल्या बहुतेक यंत्रांत हे काम निर्मात्याचे बंदिस्त बायॉस किंवा यूईएफआय करते आणि त्यात काय लिहिले आहे हे मालकाला कधी दिसत नाही. कोअरबूटचा स्रोत जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुला आहे.

त्याची सुरुवात 1999 मध्ये अमेरिकेतील लॉस अ‍ॅलमॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी केली. तेव्हा नाव होते लिनक्सबायॉस. अनेक यंत्रे जोडून केलेल्या क्लस्टरमध्ये प्रत्येक यंत्राला कीबोर्ड नसतो. त्या काळचे बायॉस मात्र कीबोर्ड सापडला नाही म्हणून अडून बसायचे आणि कोणीतरी कळ दाबायची वाट पाहायचे. मूळ कल्पना अशी होती की फ्लॅश चिपमध्ये सरळ लिनक्स कर्नलच, म्हणजे त्या कार्यप्रणालीचा मूळ भागच, ठेवावा. पण चिप लहान पडू लागल्या, तेव्हा हार्डवेअर जागे करणारा गाभा आणि पुढे चालवायचा प्रोग्राम असे दोन भाग झाले. दुसऱ्याला पेलोड म्हणतात. 2008 मध्ये प्रकल्पाचे नाव बदलून कोअरबूट झाले.

या फर्मवेअरचा खरा पराक्रम पहिल्या काही क्षणांत आहे. एक्स86 प्रोसेसर रीसेट झाल्यावर पहिली सूचना 4 जीबीच्या सीमेच्या 16 बाइट अलीकडून उचलतो. त्या वेळी रॅम वापरण्याजोगी नसते, कारण तिचे टायमिंग अजून ठरलेले नसते. म्हणजे प्रोग्रामचे चल (बदलत्या किमती) ठेवायला जागाच नाही. सुरुवातीच्या काळात यासाठी रॉमसीसी नावाचा खास कंपायलर (स्रोताचे यंत्राला कळणाऱ्या कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) होता. तो केवळ प्रोसेसरच्या रजिस्टरांवर, म्हणजे त्याच्या आतल्या मोजक्या साठवण-जागांवर, भागेल असा कोड तयार करायचा. पुढे प्रोसेसरच्या आतली कॅश ही लहान वेगवान मेमरी तात्पुरती रॅम म्हणून वापरण्याची युक्ती रुळली. त्या इवल्याशा जागेत कोड चालवून खऱ्या मेमरीचे प्रशिक्षण होते, तिचे टायमिंग जुळते आणि मग पुढचे टप्पे रॅममध्ये धावतात. शेवटी पेलोड : जुन्या पद्धतीच्या बूटसाठी सीबायॉस, थेट ग्रब हा बूटलोडर, यूईएफआय हवे असल्यास ईडीके-2 किंवा मूळ कल्पनेप्रमाणे लिनक्स कर्नल.

आवृत्त्यांचे क्रमांक दीर्घकाळ 4.1, 4.2 असे वाढत गेले. नोव्हेंबर 2023 मध्ये 4.22 आली आणि त्यानंतरची 24.02 ठरली. तेव्हापासून क्रमांकात वर्ष आणि महिना असतो. साधारण दर तिमाहीला नवी आवृत्ती निघते. इथे नवख्याची एक गफलत हमखास होते. कोअरबूटची नवी आवृत्ती म्हणजे उतरवून घेऊन डबल-क्लिक करायची फाइल नव्हे. तो स्रोताच्या मुख्य शाखेवरचा, चाचणीनंतर खूण केलेला एक टप्पा असतो. आपल्या नेमक्या मदरबोर्डसाठी त्यातून रॉम, म्हणजे चिपमध्ये लिहायची फाइल, स्वतः बांधावी लागते. त्यासाठी लागणारे कंपायलरही प्रकल्प स्वतःच्या ठरावीक आवृत्तीचे बांधून घेतो, म्हणजे दोन माणसांच्या यंत्रांवर वेगळा निकाल येत नाही. त्यात एडा भाषेचा कंपायलरही लागतो, कारण इंटेलच्या ग्राफिक्सला जागे करणारा भाग एडाच्या स्पार्क या उपभाषेत लिहिलेला आहे. ज्यांना हे सगळे झेपत नाही त्यांच्यासाठी लिबरबूटसारखी वितरणे आहेत. ती ठरावीक यंत्रांसाठी तयार रॉम देतात.

नव्या आवृत्तीत नवे बोर्ड येतात, पेलोड आणि कंपायलर पुढे सरकतात, दोष दुरुस्त होतात. पण आवृत्ती काय घालते याइतकेच ती काय वगळते हेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर 2019 मधली 4.11 ही याची ठळक खूण. त्यानंतर रॉमसीसीवर आणि जुन्या मेमरी-व्यवस्थेवर अवलंबून असलेले बोर्ड मुख्य शाखेतून काढले गेले. त्यात एसस केजीपीई-डी16 हा सर्व्हर बोर्डही गेला. बंदिस्त भागांशिवाय चालणारे सामर्थ्यवान यंत्र म्हणून त्याला मोठा मान होता. निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, कारण सांभाळणारे कोणी नसलेला कोड साऱ्या प्रकल्पाला मागे ओढतो. मात्र असा बोर्ड कायमचा मरत नाही. स्रोत खुला असल्याने जुन्या आवृत्तीवरून तो पुन्हा उभा करता येतो. बंदिस्त बायॉसच्या बाबतीत निर्मात्याने हात काढून घेतला की विषय तिथेच संपतो. डिसेंबर 2023 मध्ये उघड झालेल्या लोगोफेल दोषांनी हे दाखवले. सुरू होताना दिसणारे चित्र वाचणाऱ्या कोडमधली खोट अनेक निर्मात्यांच्या यूईएफआयमध्ये निघाली आणि जुन्या यंत्रांच्या मालकांना निर्मात्याच्या दुरुस्तीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

गोव्याशी या विषयाचा संबंध जुन्या यंत्रांमधून येतो. 2000 च्या आसपास गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशात वापरून झालेले संगणक इथल्या शाळांपर्यंत पोचवले आणि त्यांवर लिनक्स चालवून पाहिले. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, झुआरीनगरचे बिट्स, पुढे एनआयटी आणि आयआयटी अशा संस्थांमुळे लिनक्स हाताळणारी मुले राज्यात आहेत. म्हापसा किंवा मडगावात सेकंडहँड लॅपटॉप शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती कार्यालयांतून निवृत्त झालेला थिंकपॅड लागणे नवलाचे नाही. 2012 चा एक्स230 हे त्यातले उत्तम उदाहरण. त्याचे मूळ बायॉस यादीत नसलेले वायफाय कार्ड घातले तर सुरूच होऊ देत नाही. कोअरबूट घातल्यावर ही अट उरत नाही आणि त्याच्या पिढीची मेमरी जागी करणारा कोडही पूर्ण खुला आहे. दुय्यम बनावटीच्या बॅटरीला होणारी अडवणूक मात्र बॅटरी, कीबोर्ड सांभाळणाऱ्या वेगळ्या एम्बेडेड कंट्रोलर चिपमध्ये असते. कोअरबूट तिला हात लावत नाही.

पूर्ण स्वातंत्र्य फार थोड्या यंत्रांवर मिळते, हे स्पष्ट सांगायला हवे. नव्या इंटेल प्रोसेसरांवर मेमरी जागी करायला इंटेलचेच एफएसपी हे बंदिस्त पॅकेज लागते आणि मॅनेजमेंट इंजिन या चिपसेटमधल्या स्वतंत्र नियंत्रकाच्या बंदिस्त फर्मवेअरचा भाग फ्लॅश चिपमध्ये ठेवावाच लागतो. एक्स200 सारख्या जुन्या थिंकपॅडवर तो पूर्ण काढता येतो. एक्स230 वर फक्त छाटता येतो. ज्या यंत्रांत निर्मात्याने बूट गार्ड ही फर्मवेअरची सही तपासणारी सोय पक्की बसवली आहे, तिथे त्याच्या सहीशिवाय दुसरे फर्मवेअर चालतच नाही. असा लॅपटॉप कोअरबूटसाठी घेऊ नये. क्रोमबुक या गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपांची गोष्ट उलटी आहे. 2012 पासून त्यांपैकी बहुतेक कोअरबूटवरच निघतात. गूगलचे अपडेट बंद झाल्यावर राइट-प्रोटेक्ट (चिपवर लिहिण्याची बंदी) काढून ईडीके-2 पेलोडची रॉम घातली की अनेक मॉडेलांवर साधे लिनक्स चालू शकते.

पहिल्यांदा कोअरबूट घालताना बहुधा लॅपटॉप उघडून चिपला क्लिप लावावी लागते आणि बाहेरचा प्रोग्रामर (चिप वाचणारे-लिहिणारे उपकरण) जोडून फ्लॅशरॉम हे सॉफ्टवेअर चालवावे लागते. सीएच341ए हा स्वस्त प्रोग्रामर सगळीकडे मिळतो, पण त्याच्या अनेक काळ्या बोर्डांवर डेटाच्या तारांना 5 व्होल्ट येतात आणि या चिप 3.3 व्होल्टच्या असतात. त्याऐवजी रास्पबेरी पाय किंवा पिको हे लहान बोर्ड वापरणे शहाणपणाचे. गोव्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत चिपचे पाय आणि क्लिपचे दात गंजतात, मग वाचन दर वेळी वेगळे येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पुसून घ्यावे. आणि जून ते सप्टेंबर वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. लिहिणे अर्ध्यावर तुटले तर यंत्र सुरू होत नाही, म्हणून प्रोग्रामर चालवणारे यंत्र यूपीएसवर किंवा चार्ज असलेल्या बॅटरीवर हवे. चुकून यंत्र बंद पडलेच तर तीच क्लिप लावून मूळ प्रत परत लिहिता येते. त्यामुळे काही लिहिण्याआधी मूळ चिप किमान दोनदा वाचून दोन्ही फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे अंक) जुळतात का ते पाहतात आणि प्रत त्या लॅपटॉपबाहेर ठेवतात. एक्स230 मध्ये 8 एमबी आणि 4 एमबी अशा दोन चिप आहेत, दोन्ही वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. मोठ्या चिपमधल्या जीबीई (इथरनेटच्या) भागात त्या यंत्राचा स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची ओळख, असतो, तो नव्या रॉममध्ये तसाच उचलून घेतात.