‘किरकोळ’ व्यवहार आणि बॅरिंग्टनची फाटकं

शिकागोच्या वायव्येला बॅरिंग्टन हे सुमारे १० हजार वस्तीचं उपनगर आहे. गावाच्या मध्यातच दोन रेल्वेमार्ग एकमेकांना जमिनीवर छेदतात. एकावरून शिकागोला कामावर जाणाऱ्यांच्या लोकल धावतात, दुसरा मालगाड्यांचा. मालगाडीचे रूळ गावातून तिरपे जातात आणि थोड्या थोड्या अंतरावर गावातले मोठे रस्ते कापतात: हमरस्ता क्रमांक १४, राज्य रस्ता ५९ आणि मेन स्ट्रीट. लांब गाडी आली की ही सगळी फाटकं एकाच वेळी पडलेली असतात. गाडी ३ किलोमीटर लांब आणि वेग ताशी ४० किलोमीटर असेल, तर एका फाटकावर साडेचार मिनिटं जातात. वेग १५ वर आला की १२ मिनिटं. रुग्णवाहिका रुळांच्या कुठल्या बाजूला उभी आहे आणि रुग्णालय कुठल्या बाजूला, यावर मग सगळं अवलंबून असतं.

या गावातली लढाई सुरू झाली २००७ च्या सप्टेंबरात. कॅनडातल्या एका बड्या रेल्वे कंपनीने शिकागोला बाहेरून वळसा घालणारा हा मालवाहू मार्ग ३० कोटी डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. शिकागोच्या पोटातून मालगाडी पलीकडे न्यायला कधीकधी अख्खा दिवस जातो. अमेरिकेतल्या रेल्वे मालवाहतुकीचा सुमारे पाव हिस्सा या शहरातून जातो, आणि तिथले रूळ एकोणिसाव्या शतकात ज्याने जिथे टाकले तिथेच आहेत. वळशाचा मार्ग हाती आला की हा खोळंबा टळणार होता. बॅरिंग्टनमधून तेव्हा दिवसाला ५ च्या आसपास मालगाड्या जात. त्या २० च्या आसपास होतील, असा अंदाज होता.

मार्ग स्वतः जुना, १८८० च्या दशकातला. पुढे तो पोलाद कंपनीकडे गेला आणि मिशिगन सरोवराकाठच्या कारखान्यांना माल पुरवत राहिला. पोलादाचा धंदा आटला तशा गाड्याही आटल्या आणि भोवती घरं वाढली. ‘रूळ आधी होते, तुम्ही नंतर आलात’ हा युक्तिवाद रहिवाशांना गेली कित्येक वर्षं ऐकवला जातो. तो अर्धाच खरा आहे. रूळ आधी होते, पण ही वाहतूक आधी नव्हती. माणसांनी घरं घेतली ती दिवसाला पाच गाड्या बघून.

आता ‘किरकोळ’ या शब्दाकडे येतो, ज्यामुळे या प्रकरणाची दिशा ठरली.

अमेरिकेत रेल्वे कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंजुरी देणारं एक केंद्रीय नियामक मंडळ आहे. १८८७ साली स्थापन झालेला जुना आयोग बरखास्त करून, १९९५ च्या कायद्याने ते अस्तित्वात आलं. मंडळ प्रत्येक व्यवहाराला एका वर्गात बसवतं: ‘मोठा’, ‘लक्षणीय’ किंवा ‘किरकोळ’. पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे उत्पन्नाने सर्वांत मोठ्या, दोन रेल्वे कंपन्या एकत्र येत असतील तर व्यवहार मोठा, आणि तिथे व्यापक लोकहिताचा विचार करणं मंडळाला बंधनकारक. एरवी फक्त एकच पाहिलं जातं, की स्पर्धेला धक्का बसतो का. बसत नसेल, तर कायद्याची भाषा सरळ आहे: मंजुरी द्यावी. ‘देता येईल’ नव्हे, ‘द्यावी’.

वळशाचा मार्ग चालवणारी कंपनी दुसऱ्या श्रेणीची होती, आणि व्यवहाराने माल पाठवणाऱ्यांचे पर्याय फारसे कमी होत नव्हते. म्हणून अर्ज स्वीकारतानाच मंडळाने त्याला ‘किरकोळ’ ठरवलं. गावोगावच्या सभांमध्ये हा शब्द लोकांना झोंबला, आणि झोंबणारच होता. ज्यांच्या अंगणामागून जाणाऱ्या गाड्या चौपट होणार, त्यांना सरकार सांगत होतं की बाब किरकोळ आहे. पण हा शब्द रुळांकाठच्या माणसांविषयी नव्हताच. तो मोजत होता ते कंपन्यांमधली स्पर्धा, माल पाठवणाऱ्यांचं नुकसान. फाटकात अडकलेली शाळेची बस, रात्री उडालेली झोप, उशिरा पोचलेला अग्निबंब यांना त्या मोजपट्टीवर खूणच नव्हती.

त्यांना जागा मिळाली ती दुसऱ्याच कायद्यातून. केंद्राच्या मोठ्या निर्णयाआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याचं बंधन १९७० पासून आहे, आणि मंडळाने इथे सविस्तर अहवाल करायचं ठरवलं. कंपनीला ते नको होतं, कारण खरेदीचा करार २००८ अखेरपर्यंतचा होता आणि अहवालाला वेळ लागणार होता. रहिवाशांना मात्र हाच दरवाजा उघडा सापडला. वेगवेगळ्या गावांच्या नगरमंडळांनी आघाडी बांधली, वकील आणि वाहतूकतज्ज्ञ नेमले, जाहीर सुनावण्यांच्या सभागृहांत खुर्च्या कमी पडल्या. लोकांनी आवाजापेक्षा वेळेवर भर दिला: कुठलं फाटक किती मिनिटं बंद, तेवढ्यात किती गाड्यांची रांग लागते, ती मागच्या कुठल्या चौकापर्यंत जाते. माझ्या मते आंदोलनाचं सर्वांत भक्कम काम हेच. तक्रारीला त्यांनी आकड्यांत बसवलं.

निर्णय आला २४ डिसेंबर २००८ ला, नाताळच्या आदल्या दिवशी. मंजुरी, अटींसह. याच मार्गावरच्या ऑरोरातला ऑग्डेन ॲव्हेन्यू आणि लिनवुडमधला लिंकन हायवे या दोन ठिकाणी रस्ता आणि रूळ वेगळ्या पातळीवर न्यायचे, आणि कंपनीने त्याचा अनुक्रमे ६७ आणि ७८.५ टक्के खर्च उचलायचा. एरवी अशा कामात रेल्वेचा वाटा ५ ते १० टक्क्यांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं तर अट जबर होती. बॅरिंग्टनला मात्र पूल मिळाला नाही, भुयारी मार्गही नाही.

दोन्ही बाजू न्यायालयात गेल्या. कंपनीचं म्हणणं, व्यवहार किरकोळ असताना पर्यावरणाच्या नावाखाली पुलांचा खर्च लादण्याचा मंडळाला अधिकारच नाही. गावांचं म्हणणं, मंडळाने पुरेसं तपासलं नाही. २०११ साली वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने दोघांनाही परत पाठवलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: व्यवहार ‘किरकोळ’ असला तरी मंडळ अशा अटी घालू शकतं. गावं तो खटला हरली, पण पुढच्या प्रत्येक गावाला हा आधार मिळाला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. वळशावर गाड्या वाढल्या म्हणजे शहराच्या आतल्या मार्गांवर त्या कमी झाल्या. तिथली बरीच गावं कमी उत्पन्नाची आहेत, आणि त्यांच्या फाटकांवर पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं. बॅरिंग्टनकडे वकिलांना द्यायला पैसे होते, त्यांच्याकडे नव्हते. तरीही एकाची सुटका म्हणजे दुसऱ्याचं नुकसान किरकोळ, असं त्यातून निघत नाही.

मंजुरीनंतर भांडण पेटलं ते ‘अडवलेलं फाटक’ या शब्दावरून. १० मिनिटांपेक्षा जास्त वेळ फाटक अडलं तर कंपनीने कळवायचं, अशी अट होती. २००९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कंपनीने कळवलेले प्रकार होते १४. फाटकांवरच्या यंत्रांच्या नोंदी मंडळाच्या लेखापरीक्षकांनी मागवल्या तेव्हा आकडा निघाला १,४५७. कंपनीने फक्त थांबलेल्या गाड्या मोजल्या होत्या. रांगत गेलेल्या गाडीमुळे फाटक १० मिनिटं बंद राहिलं, तर ते तिच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. मंडळाने अडीच लाख डॉलरचा दंड केला आणि देखरेखीची मुदत पाच वर्षांवरून सहावर नेली. वर्षभर ‘फाटक सतत बंद असतं’ म्हणून सांगणाऱ्या लोकांकडे आता सरकारी आकडा होता.

दंड करायला मंडळ तरी होतं. गावांच्या स्वतःच्या हातात काहीच नव्हतं. त्याच भागातल्या मंडेलीन गावाने फाटक १० मिनिटांहून जास्त अडवायला बंदी घातली होती. २००८ च्या जानेवारीत इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण रेल्वेवर केंद्राचा कायदा चालतो, गावाचा नाही. आणि फाटक किती वेळ अडवावं याची मर्यादा केंद्राच्या कायद्यात नाहीच. भोंग्याचंही तसंच. प्रत्येक फाटकाआधी दोन लांब, एक आखूड, एक लांब, ९६ ते ११० डेसिबल, रात्र असो वा दिवस. २००५ च्या नियमाने शांतता क्षेत्र मागता येतं, पण त्यासाठी फाटकांवर जादा सुरक्षा व्यवस्था करायची ती गावाने.

मग विषय बदलला. १९ जून २००९ च्या रात्री, मुसळधार पावसानंतर रुळांखालचा भराव वाहून गेला आणि रॉकफर्डजवळ चेरी व्हॅलीला त्याच कंपनीची इथेनॉलची गाडी घसरली. १९ डबे रुळांवरून उतरले, १३ फुटून पेटले. गाडी जाईपर्यंत फाटकाशी मोटारीत थांबलेली एक महिला त्या आगीत गेली. त्यानंतर बॅरिंग्टनकर फाटकाशी उभे राहून पुढून जाणाऱ्या काळ्या टाक्यांवरचे क्रमांक वाचू लागले. २०१२ च्या वसंतात त्यांच्या आघाडीने केंद्राकडे याचिका केली: या जुन्या पातळ पत्र्याच्या टाक्या सुधारा. ६ जुलै २०१३ ला क्यूबेकमधल्या लाक-मेगांटिक गावात कच्च्या तेलाची गाडी उलटली, ४७ माणसं गेली, आणि उपनगरी लोकांची भीती अवाजवी म्हणणं कोणालाच शक्य राहिलं नाही. मे २०१५ मध्ये टाक्यांसाठी नवा नियम आला.

हमरस्ता १४ खालच्या भुयारी मार्गाची मागणी गावाने सोडली नाही. कंपनीने त्याचा खर्च उचलावा म्हणून प्रकरण पुन्हा उघडायला मंडळाने नकार दिला, आणि २०१४ साली अपील न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. पैसा मग सरकारी अनुदानांतून जमवावा लागला.

२०२१ पासून तेच प्रकरण शिकागोच्या पश्चिमेला आलं. इटास्का, बेन्सेनव्हिल, वुड डेल, बार्टलेट अशा गावांची आघाडी उभी राहिली, कारण आता कॅनडातली दुसरी कंपनी अमेरिकेच्या दक्षिणेकडची एक कंपनी आपल्यात विलीन करून घेणार होती आणि वाढीव मालगाड्या लोकलच्याच रुळांवरून जाणार होत्या. या वेळी दोन्ही कंपन्या पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे व्यवहार ‘मोठा’. पण २००१ साली विलीनीकरणाचे नियम कडक करताना दक्षिणेकडची ही कंपनी पहिल्या श्रेणीत सर्वांत लहान म्हणून तिला सूट दिली होती, आणि मंडळाने २०२१ मध्ये ती सूट लागू धरली. व्यवहार मोठा ठरला, पण कसोटी जुनी आणि सौम्य.

१५ मार्च २०२३ ला मंजुरी मिळाली, सात वर्षांच्या देखरेखीसह. बॅरिंग्टनला सुरुवातीला पाचच वर्षं मिळाली होती.