बोली, वांधा आणि अनामत : ब्लॉकचेनच्या कारभारात दंड कुठून आला

लहानपणी वडिलांबरोबर लासलगावच्या लिलावाला जायचो. व्यापाऱ्यांचा घोळका आमच्या ट्रॉलीपाशी यायचा, कुणी दोन-चार कांदे उचलून त्यांची साल चोळून बघायचा, आकडे चढायचे आणि चारचौघांत बोली लागायची. पुढे खळ्यावर ट्रॉली रिकामी होऊ लागली की तोच व्यापारी म्हणायचा, "खालचा माल हलका आहे, शंभर कमी करा." आमच्याकडे याला वांधा काढणं म्हणतात. भरली ट्रॉली परत कुठे न्यायची, म्हणून वडील बहुतेक वेळा मान डोलवायचे. दिलेला शब्द फिरवण्याची किंमत त्या व्यापाऱ्याला कधी मोजावी लागली नाही, ही गोष्ट माझ्या मनात तेव्हापासून सलते.

ब्लॉकचेनवाल्यांना नेमका हाच प्रश्न पडला होता. ब्लॉकचेन म्हणजे कुणा एकाच्या ताब्यात नसलेली, अनेक संगणकांवर ठेवलेली नोंदींची साखळी. 2009 साली सुरू झालेल्या बिटकॉइनमध्ये खोटेपणा महाग पडतो, कारण प्रत्येक नोंदीमागे वीज जाळावी लागते. 2012 मध्ये पीअरकॉइन या दुसऱ्या डिजिटल नाण्याने विजेऐवजी मालकीच्या नाण्यांवर भिस्त ठेवली आणि एक भोक उघडं पडलं. साखळीला दोन फाटे फुटले, म्हणजे नोंदींच्या दोन वेगळ्या आवृत्त्या झाल्या, तर दोन्हींवर 'हीच खरी' अशी सही करायला काहीच खर्च नाही. मग एकाच फाट्यावर इमान कोण राखणार? जानेवारी 2014 मध्ये इथरियम या ब्लॉकचेनचा जनक व्हिटॅलिक ब्युटेरिन याने 'स्लॅशर' नावाची कल्पना मांडली : दोन्हीकडे सही केल्याचा पुरावा कुणीही आणून दाखवावा आणि सही करणाऱ्याला त्याचा भुर्दंड पडावा. त्याच वर्षी टेंडरमिंट या ब्लॉकचेन प्रकल्पाच्या जे क्वॉननेही आधी ठेव ठेवा, मग सही करा, असा मार्ग सुचवला.

आजच्या इथरियमचा पाया हाच आहे. 1 डिसेंबर 2020 रोजी त्याची बीकन चेन, म्हणजे ठेवीवर चालणारी साखळी, सुरू झाली, तेव्हा व्हॅलिडेटर, म्हणजे नोंदींवर सही करणारा, व्हायला 32 इथर (इथरियमचं नाणं) अनामत ठेवावे लागत. दुहेरी सही सापडली की त्यातले काही जळतात आणि तो व्हॅलिडेटर बाहेर फेकला जातो. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग असा की एकट्याची चूक झाली तर दंड थोडा, पण त्याच सुमारास अनेकांनी तोच गुन्हा केला तर तो वाढत जाऊन सगळी अनामत गिळू शकतो. संगनमताला अशी वेगळी शिक्षा हवीच.

पण सहीचा खोटेपणा सिद्ध करता येतो, तसा निर्णयाचा मूर्खपणा सिद्ध करता येत नाही. कारभाराची, म्हणजे मतदानाने सामूहिक निर्णय घेण्याची, खरी अडचण इथून सुरू होते.

निवडणुकीतली अनामत आपल्याला ठाऊक आहे. विधानसभेच्या उमेदवाराने 10,000 रुपये भरायचे (अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मे) आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ते जप्त. मार्च 2019 मध्ये सुरू झालेल्या कॉसमॉस हब या ब्लॉकचेनने जवळपास हेच केलं. प्रस्तावामागे 512 अ‍ॅटम (तिथलं नाणं) ठेव लागायची आणि एक तृतीयांशाहून जास्त मतं 'व्हेटोसह नाही' अशी पडली तर ती जळून जायची. भंपक प्रस्तावांना यामुळे चाप बसतो. पण अनामत ठेवतो तो मांडणारा. मत देणाऱ्याचं काय जातं?

काही जात नाही, तेव्हा काय होतं ते मार्च 2020 मध्ये स्टीम या ब्लॉकचेनवर दिसलं. ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचा संस्थापक जस्टिन सन याने स्टीममागची स्टीमिट कंपनी घेतल्यानंतर सत्तेचा झगडा पेटला आणि काही मोठ्या एक्स्चेंजेसनी (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांनी) ग्राहकांनी ठेवलेली नाणी वापरून मतं टाकली. पैसे एकाचे, मत दुसऱ्याचं. चिडलेल्या सदस्यांनी त्याच महिन्यात फुटून 'हाइव्ह' काढलं. बीनस्टॉक या ब्लॉकचेनवरच्या वित्तीय प्रकल्पाची गोष्ट याहून भयंकर. एप्रिल 2022 मध्ये एका हल्लेखोराने एकाच व्यवहारात कर्ज काढलं, त्यातून बहुमत मिळवलं, खजिना स्वतःकडे वळवणारा प्रस्ताव मंजूर केला आणि कर्ज फेडूनही टाकलं. नुकसान सुमारे 18 कोटी डॉलर. जमिनीच्या व्यवहारात साधी विसार पावती करतानाही आपण पैसे अडकवतो. इथे बहुमत क्षणभराच्या उसनवारीवर मिळालं.

चुकीच्या मतालाच दंड करावा, असाही विचार झाला. रॉबिन हॅन्सन या अर्थतज्ज्ञाने 2000 मध्ये फ्युटार्की मांडली : काय हवं ते मतदानाने ठरवा, ते कशाने मिळेल ते पैजेच्या बाजारावर सोडा, ज्याचा अंदाज चुकेल त्याचे पैसे जातील. क्लेरोस या ब्लॉकचेनवर तंटे सोडवणाऱ्या व्यवस्थेत अल्पमतात पडलेल्या पंचाची ठेव कापली जाते. मला हे दुसरं धोक्याचं वाटतं. एखादा एकटा पंच बरोबर असूनही पैसे जाण्याच्या भीतीने घोळक्यामागे जाईल.

मला पटतो तो पोल्काडॉट या ब्लॉकचेनचा मार्ग. तिथे नाणी न अडकवता मत दिलं तर त्याचं वजन एक दशांशच धरलं जातं. 224 दिवस अडकवायची तयारी असेल तर नाण्यांच्या सहापट. जप्ती नाही, दंड नाही. मात्र ही नाणी अडकतात ती जिंकलेल्या बाजूचीच. हरलेले निकाल लागताच आपली नाणी विकून बाहेर पडू शकतात. ज्यांनी निर्णय रेटला, त्यांना त्याचं फळ येईपर्यंत तिथेच थांबावं लागतं.