अग्निगोल पाहणाऱ्यांच्या साक्षी

अंगणभर उजेड पाडत जाणारा अग्निगोल माणूस पूर्वापार पाहत आला आहे. त्यातून दगड खाली येतात, हे मात्र अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातल्या बहुतेक विद्वानांना पटत नव्हते. शेतात सापडलेला काळा दगड वीज पडून भाजला असेल, असे ते म्हणत.

1794 साली जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाडनी यांनी याला आव्हान दिले. ते कायदा शिकलेले होते. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या काळांत दिलेल्या जबान्या इतक्या जुळत असतील तर त्या खोट्या कशा मानायच्या? हे दगड अवकाशातून येतात, असे त्यांनी मांडले. त्यांची टवाळी झाली.

पुढचा भक्कम पुरावा भारतातला. 19 डिसेंबर 1798 रोजी रात्री आठच्या सुमारास बनारस परिसरात प्रचंड अग्निगोल दिसला, गडगडाट झाला आणि शिवारात दगड पडले. आभाळात कित्येक दिवस ढगाचा मागमूस नव्हता, मग वीज कुठली? लंडनच्या एडवर्ड हॉवर्ड यांनी हे दगड इतर देशांतल्या अशाच दगडांशी ताडून पाहिले. 1802 साली त्यांनी दाखवून दिले की सगळ्यांतल्या लोहात निकेल आहे, म्हणजे ते एकाच जातीचे आहेत. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या लेगल गावाभोवती दगडांचा वर्षाव झाला. शास्त्रज्ञ ज्याँ-बाप्तिस्त बियो तिथे गावोगाव हिंडले, लोकांशी बोलले, आणि वाद जवळपास मिटला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गुजरातची घटना. 28 जानेवारी 1976 च्या रात्री सौराष्ट्रात धजाळा गावाजवळ अशनी, म्हणजे अवकाशातून आलेले दगड, पडले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी सुमारे 45 किलो तुकडे जमवले आणि अग्निगोल कुठून कुठे गेला हे लोकांना विचारले. साध्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या या माहितीवरून त्या अशनीची सूर्याभोवतीची कक्षा काढता आली.

आता आकाशात आणखी एक गोष्ट जळताना दिसते. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भावरून आगीचे लोळ सरकत गेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांत विझते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून खाली येणारा रॉकेटचा भाग सेकंदाला आठ किलोमीटरांहून कमी वेगाने, तुटत तुटत, मिनिटभरसुद्धा दिसत राहतो. म्हणून पाहणाऱ्याने दिशेबरोबरच तो किती सेकंद दिसला, हेही लगेच लिहून ठेवावे.