व्हेलॉसिरॅप्टर कोणता आणि डायनॉनिकस कोणता?

१९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ या गाजलेल्या चित्रपटात मुलांच्या मागे स्वयंपाकघरात शिरणारा, माणसाएवढा उंच ‘रॅप्टर’ डायनासोर आठवतो? नाव व्हेलॉसिरॅप्टर या डायनासोरचं, पण अंगकाठी डायनॉनिकस या दुसऱ्याच डायनासोरची, आणि तीही फुगवलेली. तेव्हापासून ही गल्लत चालूच आहे.

खरा व्हेलॉसिरॅप्टर मंगोलियाचा. १९२३ मध्ये गोबीच्या वाळवंटात त्याची कवटी सापडली आणि पुढच्याच वर्षी जीवाश्मशास्त्रज्ञ ऑसबॉर्न यांनी त्याला नाव दिलं. शेपटीसकट लांबी दोनेक मीटर, वजन १५-२० किलो. आपल्या शेजारी उभा राहिला असता, तर त्याची कंबर जेमतेम आपल्या गुडघ्याला लागली असती. तोंड लांबुळकं, वरून किंचित खोलगट. त्याच्या हाताच्या हाडावर ओळीने बारीक उंचवटे आहेत. पक्ष्यांची मोठी पिसं अशाच उंचवट्यांवर रुजलेली असतात. म्हणजे हा प्राणी पिसांचा होता. पडद्यावरची ती उघडी, खवल्यांची कातडी विसरा.

डायनॉनिकस अमेरिकेतल्या मोंटानाचा, आणि व्हेलॉसिरॅप्टरपेक्षा तीन कोटींहून जास्त वर्षं आधीचा. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. हा लांबीला सव्वातीन मीटरच्या पुढे जायचा. कवटी जास्त भरभक्कम. १९६४ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांना तो सापडला, १९६९ मध्ये त्यांनी नाव दिलं: ‘भयंकर नखी’. मला दोघांत हाच जास्त मोलाचा वाटतो. त्याच्या मनगटाची आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याशी तुलना करूनच ऑस्ट्रॉम यांनी पक्षी डायनासोरांतून आले, हा विचार पुन्हा उभा केला.

मग घोळ कुठे झाला? १९८८ मध्ये डायनासोर-अभ्यासक ग्रेगरी पॉल यांनी डायनॉनिकसला व्हेलॉसिरॅप्टर प्रजातीतच घातलं. बहुतेक अभ्यासकांनी ते मानलं नाही, पण चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला, तिच्या लेखकाने ते नाव उचललं आणि तिथून ते पडद्यावर गेलं.

नातं मात्र खरं आहे. दोघंही ड्रोमिओसॉरिडे कुळातले, दोघांच्याही पायाच्या दुसऱ्या बोटावर कोयत्यासारखी वाकडी नखी. चालताना ते बोट उचललेलं असायचं, त्यामुळे नखीची धार झिजत नसे. ती भक्ष्याचं पोट फाडायला होती, असं पूर्वी मानत. ससाणा पायाखाली शिकार दाबून धरतो, तसा तिचा उपयोग असावा, हे आता जास्त पटतं. गोबीत १९७१ मध्ये सापडलेल्या जोडजीवाश्मात व्हेलॉसिरॅप्टरची नखी प्रोटोसेराटॉप्स या शाकाहारी डायनासोरच्या गळ्याशी रुतलेली आहे, आणि व्हेलॉसिरॅप्टरचा उजवा हात प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीत अडकलेला.